साचाखात्यातलं बोलणं

"बघतोय बघ मेला, जसा काही सिनेमाच लागलाय!"

नलू हे बोलली ते नुसत्या ओठांनी. आवाज नाही, काही नाही. समोरच्या चाळीच्या गॅलरीत कठड्यावर कोपरं टेकून एक मुलगा उभा होता, आणि नलू साडी झटकून वाळत घालेपर्यंत त्याची नजर काही हलली नव्हती. मध्ये लालबागची गल्ली, गल्लीत हातगाड्या, भांडणं, कुणाचा तरी रेडिओ. त्याला काय कळणार होतं?

त्याने तिची साडी नीट पसरून होऊ दिली. मग त्याचे ओठ हलले… सावकाश.

"सिनेमाला तिकीट लागतं. हे फुकट आहे."

नलूच्या हातातला चिमटा सुटला, तो थेट खाली मासळीवालीच्या टोपलीत.

म्हणजे त्याला येत होतं! साचाखात्यातलं बोलणं!

गिरणीच्या साचाखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायला लागले की शेजारच्याची हाकसुद्धा पोचत नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. नलूच्या अप्पांचा सगळा जन्म त्या खात्यात गेला, आणि कानही तिथेच गेले. घरात अप्पांशी बोलायचं तर असंच बोलावं लागे. पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी नलू हे शिकली होती. आणि समोरचा तो माधव, तात्यांचा मुलगा. तात्या अप्पांच्याच ओळीत माग चालवायचे, माधव त्याच गिरणीत बदली कामगार होता.

होता. आता सगळेच "होते" झाले होते. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. संप मिटलाही नव्हता आणि जिंकलाही नव्हता, नुसता अंगात होता, मुरलेल्या तापासारखा. पूर्वी तीन पाळ्यांत वाटलेली माणसं आता एकदम घरी. खोलीत मावत नाहीत म्हणून गॅलरीत बसलेली. कुणी कुणाशी फार बोलत नसे. बोलायचं होतं ते सगळं पहिल्या वर्षीच बोलून झालं होतं.

नलूने कॉलेज सोडलं होतं. दिवसभर ती लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसे. संध्याकाळी मान नुसती दगड व्हायची. ती सैल करायला ती कठड्याशी येई, आणि समोर तो असेच.

"आज काय भाजी?"

"कालचीच."

"आमच्याकडे परवाची. जिंकलो!"

एखाद्या दिवशी हसायचंही त्राण नसे. तेव्हा तो नुसतं विचारी, "दमलीस?" ती मान हलवी. "मीपण," तो म्हणे. आणि एवढ्यानेच बरं वाटे… का कोण जाणे!

"डोळे लाल दिसतायत तुझे."

"इतक्या लांबून दिसतात?"

"अगं, चालत्या मागावर तुटलेला धागा बघणारा माणूस मी. तुझे डोळे नाही दिसणार?"

शेजारच्या सखुबाई मात्र कधी गिरणीत गेल्या नव्हत्या. नलूचे नुसतेच हलणारे ओठ बघून त्या ओरडायच्या, "काय गो नलू, कावळ्यांवांगडा बोलतंस काय?"

आणि गॅलरीतल्या काकामंडळींचं तर काही कळतच नसे. नलू कठड्याशी आली, की त्यांना खाली नाक्यावर हमखास काहीतरी दिसायचं. सगळ्या माना तिकडे!

एकदा नलू दादरला फॉलचं कापड आणायला गेली, तर फुटपाथवर रुमाल विकत माधव बसलेला. ती समोर उभी राहिली, आणि सवयीने तिचे नुसते ओठच हलले. तो म्हणाला, "बोल ना."

नलू बघतच राहिली. "तुझा आवाज… असा आहे?"

"कसा?"

"घोगरा."

"ओरडून ओरडून झालाय गं. 'रुमाल घ्या रुमाल!'" मग तो तिच्याकडे जरा वाकला. "तुझा किती हळू आहे."

ती लाजली. उगीच एक रुमाल उचलून चुरगाळत राहिली.

"भिवंडीचा आहे तो," माधव म्हणाला. "कापड काही बंद नाही झालं, नलू. लोक नेसतायत, घालतायत. फक्त विणणारे बदलले. पत्र्याच्या शेडमध्ये पॉवरलूम, बारा तासांची पाळी, युनियन नाही, काही नाही. मी परवा चाललोय तिकडे."

नलूने चुरगाळलेला रुमाल परत ढिगात ठेवला.

"आणि… मला काही विचारायचं नाही तुला?"

"अप्पा काय म्हणतात ते अख्ख्या चाळीला माहितेय. साच्यावरच्या माणसाला मुलगी देणार नाही."

"मी अप्पांचं नाही विचारत. तुला विचारायचं असेल तर परवा सकाळी गॅलरीतून विचार. तिथे आपलं कुणी ऐकत नाही."

त्या सकाळी बारीक पाऊस होता. माधव वळकटी पायाशी ठेवून उभा होता. त्याने एकदा श्वास घेतला.

"थांबशील… माझ्यासाठी?"

नलूने ओठ उघडले, आणि तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. सगळ्या काकांच्या माना नाक्याकडे. आणि नाक्यावर एक भिजलेलं कुत्रं सोडून काहीही नव्हतं!

अगं बाई… ही सगळी साचाखात्यातलीच माणसं! सगळ्यांना सगळं वाचता येत होतं, कालच्या भाजीपासून. सगळं जग सोडून या दोघांनी आपलं गुपित नेमकं त्यांच्याच बोलीत लपवलं होतं. आणि त्या थकलेल्या माणसांनी इतके दिवस माना वळवून त्यांना जागा करून दिली होती.

एकच मान वळलेली नव्हती. दारात अप्पा उभे होते.

ते पुढे आले, नलूला मागे टाकून कठड्याशी गेले. माधवकडे बघून त्यांचे ओठ हलू लागले असावेत. नलूला दिसत होती ती त्यांची पाठ, आणि समोर माधवचा उतरलेला चेहरा. मग माधवचा हात हळूच स्वतःच्या कानाकडे गेला. त्याने मान डोलावली. पुन्हा डोलावली.

अप्पा वळले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं उगाच मोठ्याने म्हणाले, "चहा टाक गो!" आणि आत गेले.

"काय म्हणाले?" नलूने विचारलं.

माधवने ओठांनीच, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"म्हणाले, तिथे रोज कानात कापूस घालत जा. विसरू नको. नलूचा आवाज हळू आहे, पुढे तो तुला ऐकू यायला हवा."

नलूने कठडा घट्ट धरला. आणि तिच्या त्या हळू आवाजात जेवढा जोर होता तेवढा सगळा लावून ती ओरडली, "थांबेन रे!"

नाक्याकडे वळलेल्या सगळ्या माना गर्रकन परत आल्या. सखुबाई दारात धावल्या. समोर तात्यांनी टॉवेलात तोंड लपवलं.

फक्त अप्पांनी काही ऐकलं नाही. ते आत भिंतीला टेकून चहाची वाट बघत होते. नलूने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं, आणि त्यांच्या समोर बसून तेच पुन्हा सांगितलं… ओठांनी.