काचेमागची दोघं

बाहेर टळटळीत ऊन होतं आणि काचेमागच्या खोलीत मिट्ट काळोख. डोळे सरावायच्या आतच मी हाताला लागली त्या खुर्चीवर बसले. खाली काहीतरी कटकन मोडलं.

"बसा, बसा," शेजारच्या अंधारातून आवाज आला. "आता काय, बसलाच आहात."

मी ताडकन उठले. खुर्चीवर चष्मा होता. म्हणजे, होता. आता एक काडी माझ्या हातात होती आणि बाकीचा त्याच्या.

"तुम्हाला याच्याशिवाय... अगदीच दिसत नाही का?"

"दिसतं ना. तुम्ही एक छानसा ढग दिसताय."

आता मला सांगा, अशा माणसाची माफी तरी कशी मागायची? मी चिकटपट्टी आणायला पळाले.

मी विद्यापीठानं चालवलेल्या विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. बोलू न शकणारी मुलं, उशिरा बोलणारी मुलं. तो दुसऱ्या विद्यापीठातून वर्षभरासाठी आलेला, म्हणून शाळेत सगळे त्याला विद्यापीठवालाच म्हणायचे. आमचं विद्यापीठ आणि त्यांचं विद्यापीठ मिळून आठ मुलांना एका नव्या पद्धतीनं शिकवणार होते, आणि मुलांमध्ये काय फरक पडतो ते आम्ही दोघांनी एकाच बाजूनं दिसणाऱ्या काचेमागून टिपायचं होतं. पण वर्ग सुरू होण्याआधी आमच्या दोघांच्या नोंदी शंभरात ऐंशी वेळा तरी जुळायला हव्यात, असा नियम. त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार?

आणि एकदा जुळल्या की दुसरा नियम. दोघांनी वेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही. एकाचं मत दुसऱ्याला चिकटू नये म्हणून. नऊ महिने. पहिल्या दिवशी मोठ्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी खुशाल मान डोलावली होती. माझं काय जात होतं?

सरावासाठी इअरफोन एकच होता. एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. दर दहा सेकंदांनी बारीक 'टिंग' व्हायचं, की कागदावरच्या रकान्यात खूण करायची... बघितलं, बोट दाखवलं, हसली. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळ. काचेपलीकडे दुपारचं पिवळं ऊन सतरंजीवर सांडलेलं असायचं आणि त्यात चिमी बसलेली असायची, आठांतली एक, सहा वर्षांची, आपल्याच बोटांच्या सावल्या बघत. इकडे काळोख, त्याच्या शर्टाला साबणाचा वास, आणि मध्येच टिंग. माझं लक्ष कामावर होतं. बरंचसं.

"चौदाव्या रकान्यात ती हसली," तो म्हणायचा.

"ती जांभई होती."

"ओठांचे कोपरे वर गेले होते."

"जांभईतसुद्धा जातात. तुम्ही कधी आरशात जांभई दिलीय?"

"नाही बुवा. तुम्ही?"

"मी... ते महत्त्वाचं नाहीये."

"मला तर आता फार महत्त्वाचं वाटायला लागलंय."

अशी भांडणं. पहिल्या दिवशी जुळणी अठ्ठावन्न, मग सदुसष्ट, मग चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तरला पोचेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणाच्याच नोंदीत नाही. घरी मी पोळपाट समोर ठेवून शून्यात बघत बसले, तेव्हा आत्या म्हणाली, "त्या पोळीकडे तरी जरा बघ गं. का तीही काचेपलीकडे आहे?"

चिमीची आई रोज बाहेरच्या बाकावर बसलेली असायची. कारखान्यातून दोन आठवड्यांची रजा काढून आली होती, कारण सुरुवातीच्या वर्गांना आईनं सोबत असायला हवं होतं. "ताई, कधी सुरू?" ती विचारायची. "याच आठवड्यात," मी सांगायचे.

गुरुवारी शेवटची चाचणी होती. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं की आज आम्ही ऐंशीच्या पार जाणार. त्याचा पेन आणि माझा पेन एकदमच खाली जात होते. सोमवारपासून तो पलीकडच्या खोलीत. नऊ महिने ना जांभई, ना भांडण... चिमीनं मान वर करून सरळ तिच्या शिक्षिकेकडे बघितलं. लख्ख बघितलं. मी रकाना कोरा सोडला. पुढेही सोडला. एकूण पाच.

सत्त्याहत्तर.

"अजून दोन आठवडे सराव," मोठ्या मॅडम म्हणाल्या. आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला, की जिन्यावरून मी जवळजवळ उड्या मारतच उतरले.

खाली बाकावर चिमीची आई होती. मी सांगितलं. तिनं बोटांवर दिवस मोजले, परत मोजले. "माझी रजा संपेल तोवर," ती म्हणाली. "बघते, साहेबांना विचारते. तुम्ही तरी काय करणार, ताई." माझ्यावर जराही न रागावता तिनं चिमीच्या चपलेचा पट्टा लावला आणि दोघी गेल्या. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी मी मोठ्या मॅडमसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याशी बोलणं बंद होईल म्हणून."

त्यांनी माझं नाव कामातून काढलं. मोठ्या वर्गाच्या बाई आधीच्या एका अभ्यासात असल्या नोंदी करून मुरलेल्या. त्यांना माझ्या जागी बसवलं आणि त्यांचा वर्ग मला दिला. त्याच दुपारी त्यांची आणि त्याची जुळणी ब्याऐंशी आली. सोमवारी वर्ग सुरू झाला. चिमीची आई आत सतरंजीवर बसलेली मी दारातून बघितली. बरं वाटलं, आणि रडूही आलं. दोन वर्षं मी या कामाची वाट बघत होते.

तो आला बुधवारी, शाळा सुटल्यावर. फाटकापाशी भुरभुर पाऊस होता. चिकटपट्टीचा चष्मा पुसत तो म्हणाला, "मॅडमनी मला फक्त एवढंच सांगितलं, की तू खुणा मुद्दाम सोडल्यास. तेही मला गुरुवारीच कळलं होतं. चिमीचं बघणं तू कधी चुकवत नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"रागावलो होतो. त्या मुलीचे दोन आठवडे होते ते."

"माहितीये मला." आता थांबण्यात काय अर्थ होता? "तू मला आवडतोस. फार. तू पलीकडच्या खोलीत जाशील, याची मला भीती वाटली. मी चुकले. पण आवडतोस, ते खरंय."

पाऊस दोघांवर पडत होता. तो चष्मा नुसताच हातात धरून उभा होता.

"हे कागदावर लपवण्याऐवजी मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी हो म्हटलं असतं. आणि मग मॅडमना आपण दोघं मिळून भेटलो असतो."

"आता?"

"आताही हो. पण चिमीबद्दल, वर्गाबद्दल, एक शब्द नाही. नऊ महिने."

"मग आपण बोलायचं काय? दुसरं काही बोललोच नाही आपण कधी."

तो विचारात पडला. खरंच पडला. इतका हुशार माणूस, एक वाक्य सुचेना. मग चष्मा चढवून, माझ्याकडे नीट बघत, त्यानं हळूच विचारलं, "जेवलीस?"

"नाही," मी म्हणाले. "चल."