स्विचवरचा एप्रन

"दिराला तुरुंगात पाठवायचं की त्याला जेवायला वाढायचं, एवढंच सांगा मला," बाई म्हणाल्या आणि मगच खुर्चीत बसल्या.

अक्काने चष्मा कपाळावर सरकवला. तात्या दारातच थबकला. तात्या म्हणजे अक्काचा धाकटा भाऊ. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, आणि बहिणीच्या हातात तपासाची केस आली की तिची गाडीही तोच चालवतो.

बाई बेकरीवाल्यांच्या थोरल्या सूनबाई होत्या. मैदा मळायच्या मशीनमध्ये नवऱ्याचा उजवा हात गेला होता, मनगटापासून.

"मशीन साफ करायचं तर आधी आपला एप्रन स्विचवर लटकवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. ज्याचा एप्रन, त्यानेच काढायचा. सासऱ्यांची बोटं गेली तेव्हा केला होता. नवरा म्हणतो, मी लटकवायला विसरलो. हा माणूस झोपेतसुद्धा विसरणार नाही! दिराने तो काढला आणि बटण दाबलं. वेगळं व्हायचंय म्हणून आठवडाभर भांडत होता."

"पोलिसांत गेलात?"

"नवरा म्हणतो, तक्रार केलीस तर तोंड दाखवणार नाही. मी दिराचं ताट वेगळं काढलंय. पण त्याच्याकडे बघितलं की वाटतं... चुकत असेन तर?"

बेकरीकडे जाताना तात्याने चौकात गाडी तशीच पुढे दामटली.

"लाल होता," अक्का म्हणाली.

"रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं."

"लोकांना गाडी शिकवतोस तू."

"शिकवताना थांबतो की!"

बेकरीत आता फक्त भट्टी चालू होती. मशीनची खोली बंद होती. स्विच मात्र खोलीत नव्हता, बाहेर बोळात होता. मैदा हवेत उडतो, ठिणगी पडली तर भडका उडेल म्हणून. तिथून मशीन दिसत नव्हतं. आत कोण आहे हे कळायला एप्रन हीच एक खूण.

भट्टीवाला दाराला टेकून बोलला. "साहेब आत गेले असणार हे मला माहीत होतं. पाव काढायला जाताना बघितलं ना, स्विचवर पांढराशुभ्र एप्रन. लांबून चमकत होता."

"कुणाचा?"

"ते कसं दिसणार? पट्ट्याला रंगाचा दोरा शिवलेला असतो. साहेबांचा निळा, धाकट्यांचा हिरवा, माझा लाल. जवळ गेलं तरच कळतं."

धाकटा मैद्याच्या पोत्यावर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"स्विचवर माझाच एप्रन होता," तो म्हणाला. "हिरवा दोरा. मी काढला, अंगात घातला, बटण दाबलं. मग आतून दादा ओरडला."

"तुझा एप्रन तिथे आला कसा?" अक्काने विचारलं.

"काय माहीत. मीच कधीतरी लटकवून विसरलो असेन. हल्ली माझा एप्रन दादाच्या खुंटीवर सापडतो, काय काय होतं. माझं डोकंच ठिकाणावर नाही."

तात्याचा पारा चढला. "अरे, भावाचा हात गेला आणि तू एप्रनच्या गोष्टी सांगतोस? नाटकं पुरे!"

धाकट्याने नुसती मान खाली घातली. तात्याला तेव्हा फार बरं वाटलं.

मागच्या अंगणात म्हातारी आई होती. तिने पाहुण्यांना बघून पदर नीट केला. "बसा हो. त्या निळ्या खुर्चीवर बसा, ती डुगडुगत नाही."

अंगणात एकच खुर्ची होती, हिरवी. तात्या बसला. वय झालं की माणूस बोलतो एक आणि म्हणायचं असतं दुसरं, त्याला वाटलं.

"आई, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. कपडे धूत होते. मला दुसरं काय काम? मेला एक डाग दिसला तरी जिवाला चैन पडत नाही." ती थांबली. "धाकट्याला काही करू नका. रागीट आहे, पण मनाने वाईट नाही."

अक्का दोरीवरच्या कपड्यांपाशी गेली होती. एका एप्रनचा पट्टा तिने बोटांत धरला. निळा दोरा. पोटावर बोटांचे काळपट ठसे, धुऊनही न गेलेले. बाकी कापड स्वच्छ होतं.

"हा कधी वाळत घातला?" तिने सूनबाईंना विचारलं.

"गाडी यांना घेऊन गेली तेव्हा इथे ओलाच होता. त्यानंतर दोरीला हात लावायचं सुचलंय कुणाला?"

थोरला कालच हॉस्पिटलमधून घरी आला होता. हाताला जाड पट्टी. तो भिंतीकडे बघत बोलला.

"मी विसरलो. झालं. ग्रीस लावलं, हात एप्रनला पुसले आणि तसाच आत शिरलो."

"एप्रन अंगातच होता?"

"अंगातच."

"बरं," अक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. तात्याला हे चिन्ह ठाऊक होतं. अक्काला उत्तर सापडलं की ती खूश होत नाही.

संध्याकाळी तिने सगळ्यांना त्याच अंगणात बोलावलं. दोन स्वच्छ एप्रन तिने म्हातारीच्या मांडीवर ठेवले.

"आई, यातला धाकट्याचा कुठला, तेवढा काढून द्या ना."

म्हातारीने एकाचा पट्टा डोळ्यांजवळ नेला. मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा.

"यात धाकट्याचा नाहीच," ती म्हणाली. "दोन्ही थोरल्याचे आहेत. निळे."

सूनबाईंचा हात तोंडावर गेला. एका पट्ट्याला निळा दोरा होता, दुसऱ्याला हिरवा.

"साहेब, तुम्ही खोटं बोललात," अक्का थोरल्याकडे वळली. "एप्रन अंगात असता तर रक्ताने माखला असता. तुमच्या एप्रनवर फक्त ग्रीस आहे. आणि तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तो धुतलेला, ओला होता. म्हणजे तुम्ही मशीनमध्ये होता तेव्हा तो इथे धुतला जात होता. तुम्ही तो लटकवला होता. पण ग्रीसचे हात पुसलेला! भट्टीवाल्याला मात्र पांढराशुभ्र दिसला. मधे कुणीतरी बदलला. डाग बघून कुणाच्या जिवाला चैन पडत नाही?"

सगळ्यांच्या नजरा म्हातारीकडे वळल्या. अक्का पुढे म्हणाली,

"आईंनी स्विच मोकळा सोडला नाही. मळका काढला आणि थोरल्याचा म्हणून धुतलेला लावला. फक्त तो धाकट्याचा होता. इथली हिरवी खुर्ची त्यांना निळी दिसते. एप्रन चुकीच्या खुंटीवर जातात ते त्यामुळेच. धाकटा आला, स्विचवर स्वतःचा एप्रन बघितला आणि काढला. या घरात त्या दिवशी नियम तुम्हीही पाळला होता आणि त्यानेही."

तात्याने धाकट्याकडे बघायचं टाळलं. पोत्यावरची ती खाली गेलेली मान काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

थोरला पुटपुटला, "मला वाटलं, यानेच रागाच्या भरात... म्हणून म्हटलं, विसरलो."

"मलाही तसंच वाटलं," म्हातारी म्हणाली. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "मी थोरल्याचाच लावला होता ना. मग काढणारा हाच. म्हणून गप्प बसले. मी याच्यावर... माझ्या पोटच्या पोरावर..." तिने एप्रन चुरगाळला. "नेहमी बदलते हो मी. किती वेळा बदललाय. कधीच काही झालं नाही."

"म्हणूनच मोडतो आपण नियम," अक्का हळूच म्हणाली. "नेहमी काही होत नाही."

"आई, तू मुद्दाम नाही केलंस," धाकटा म्हणाला.

"गप्प बस! माझ्यासमोरच केलेला नियम आहे तो. तुझ्या वडिलांचा हात मीच धुतलाय. मला वाटलं, नियम तुमच्यासाठी. मी आई आहे, मला कशाला?" तिने अक्काचं मनगट धरलं. "बाई, मला पोलिसांत द्या. शिक्षा असली की भोगून माणूस सुटतो तरी. इथे सगळे माफ करतील मला. मग मी सुटणार कशी?"

अक्काने तिचा हात हातात घेतला. तिने इतकंच म्हटलं, "ते माझ्या हातात नाही, आई."

थोरला उठला. डाव्या हाताने त्याने हिरव्या दोऱ्याचा एप्रन आईच्या मुठीतून सोडवला आणि धाकट्याकडे दिला. मग निळ्या दोऱ्याचा उचलून आईच्या खांद्यावर टाकला.

"शिक्षा हवी ना? उद्या डोळे दाखवायला जायचं. आणि माझा एप्रन पाठीमागून बांधायचा. रोज. मला एका हाताने गाठ येत नाही."

म्हातारीने एप्रन तोंडाला लावला आणि ती रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

सूनबाई कितीतरी वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. मग दिराकडे न बघताच म्हणाल्या, "भावोजी, सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही. आत या. सगळ्यांबरोबर."

परतताना तात्या गाडी हळू चालवत होता. निघायच्या आधी त्याने धाकट्याला गाठून "माफ कर रे" म्हटलं होतं. त्यावर धाकटा म्हणाला होता, "असू दे." ते दोन शब्द त्याला जास्त बोचत होते.

चौकात सिग्नल लाल होता. रस्ता सुनसान. तात्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला.

जरा वेळाने अक्का म्हणाली, "हिरवा झाला. चल."

तात्या हलला नाही. काचेला नाक लावून वर बघत राहिला.

"हिरवाच ना, अक्का? नक्की?"