न विचारता वाचलेली पत्रं

मला जायचं होतं चष्म्याच्या दुकानात. दुसरा मजला, डावीकडचं दार. मी उजवीकडचं उघडलं, कारण एका हातात लॅपटॉपची बॅग होती, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर आई विचारत होती की केस कापणाऱ्या बाईला तू नेमकं सांगितलं तरी काय होतंस? चार दिवस झाले, मी डोक्याला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते.

आत एक तरुण खिडकीपाशी काम करत बसला होता. मला बघून उठला, पण घाईने नाही. हातातली बारीक सुई खाली ठेवली, भिंतीवरचा मोठा आरसा अलगद पाठमोरा केला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"या, बसा. घाई नाहीये. आरसा आपण शेवटी बघू… वाटलं तर. नाहीतर नाहीच बघायचा."

मी बसले! खरं तर तिथेच म्हणायला हवं होतं की सॉरी, दार चुकलं. पण मला प्रश्न पडला होता – यांनी आरसा का फिरवला? आणि एकदा प्रश्न पडला की मी जागची हलत नाही, ही माझी लहानपणापासूनची खोड.

त्याने पाणी दिलं. मग माझं लक्ष फळीकडे गेलं. ओळीने मांडलेली लाकडी डोकी, आणि प्रत्येकावर केस. कुरळे, सरळ, खांद्यापर्यंतचे, एकावर चक्क पिकलेले. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विगचं दुकान. आणि मी स्कार्फ बांधून आलेली.

"अहो – मला काही झालेलं नाहीये," मी गडबडीने म्हणाले. "केस वाईट कापलेत, बस्. मी वेबसाइटवाली. मला शेजारी जायचं होतं."

त्याने माझ्या स्कार्फकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाखवा."

"काय?"

"केस. किती वाईट आहेत बघू."

मी स्कार्फ काढला. त्याने डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून एक प्रदक्षिणा घातली.

"वाईट आहेत," तो म्हणाला, "पण वाढतील."

आणि आम्ही दोघंही असे हसलो की पडद्यामागून आवाज आला, "अरे, वेबसाइटवाली म्हणाली ना ती? मग सोडू नकोस तिला!"

ही त्याची आत्या. दुकान तिने सुरू केलेलं. आता डोळ्यांना बारीक काम झेपत नव्हतं, म्हणून ती फोन घ्यायची, मापं लिहून ठेवायची आणि भाच्याला ओरडायची. त्यांची वेबसाइट दोन महिने बंद पडली होती. तो रोज दुपारी व्हिडिओ बघून ती दुरुस्त करायला बसायचा आणि रोज आणखी थोडी बिघडवून उठायचा.

"एक विग विणायला याला महिना लागतो," आत्या म्हणाली. "एकेक केस जाळीत ओवायचा. आणि हा बसतो त्या डबड्यासमोर. एका शिक्षिकेला शाळा उघडायच्या आत विग हवाय, तो अजून अर्धा आहे."

"ते डबडं माझ्याकडे द्या," मी म्हणाले. "तुम्ही केस ओवा."

माझं काम तेच. छोट्या दुकानदारांची ही सगळी तांत्रिक कटकट मी घरी बसून सांभाळते – बेकरी, किल्लीवाला, शेजारचा चष्मेवाला. फारसं कुणाकडे जावं लागत नाही. या दुकानात मात्र मला वारंवार जावं लागायला लागलं. आई म्हणाली, "कसली गं ही वेबसाइट, जी फोनवर होत नाही?"

दुपारी खिडकीतून ऊन यायचं. तो विणत बसायचा आणि मी प्रश्न विचारत बसायचे. केस आधी कुठे ओवतात? भांग खरा कसा दिसतो? रोज एकाच जागी बसून कंटाळा नाही येत?

"तुम्ही आलात की नाही येत," तो मान वर न करता म्हणायचा.

"आणि नाही आले की?"

"तेव्हा… चुकतो. परवा एक ओळ उसवावी लागली."

एकदा त्याने सांगितलं की एक जाहिरातवाला आला होता. म्हणाला, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. आधीच्या फोटोत बाई रडताना दिसली तर उत्तम. "मी त्याला चहासुद्धा विचारला नाही," तो म्हणाला. हा त्याचा संतापाचा कळस असावा.

"मग पहिल्या पानावर लिहायचं काय?" मी विचारलं.

"तेच कळत नाहीये."

आणि इथे मी ती चूक केली.

जुन्या वेबसाइटवर लोकांनी पाठवलेले निरोप आणि त्याने दिलेली उत्तरं मला नव्या जागी हलवायची होती. त्यासाठी ती उघडावी लागत नाहीत. जुना आणि नवा आकडा जुळला की झालं. मी एक पत्र उघडलं. फक्त एक, म्हटलं.

त्या शिक्षिकेचं होतं. (हे सांगायला आता हरकत नाही, का ते पुढे कळेल.) तिने लिहिलं होतं, "माझ्या वर्गातल्या मुली फार चाणाक्ष आहेत. त्यांना कळेल का?" त्याचं उत्तर: "पहिल्या दिवशी कळेल. तिसऱ्या दिवशी विसरतील. मुली कितीही चाणाक्ष असल्या तरी त्यांचं अर्धं लक्ष गृहपाठ कसा चुकवायचा यात असतं. तुम्ही तो तपासायला विसरू नका."

मी दुसरं उघडलं. मग तिसरं… दुपारची संध्याकाळ झाली. एकालाही त्याने साचेबंद उत्तर पाठवलं नव्हतं. कुणाला चार ओळी, कुणाला दोन पानं. मला कळत होतं की हे माझ्यासाठी नाही. आणि तरी मी थांबत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं पान एका बैठकीत लिहून काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"एकट्या आलात तरी चालेल, कुणाला घेऊन आलात तरी चालेल. आरसा तुम्ही म्हणाल तेव्हाच. वर्गातल्या मुलींना कळेल का? पहिल्या दिवशी कळेलही. आम्ही कुणाचे फोटो काढत नाही."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा खुलला, आणि मग हळूहळू मिटत गेला.

"वर्गातल्या मुली," तो म्हणाला. "हे तुम्हाला कुठून कळलं?"

खोटं सुचलं होतं, पण बोलवेना. "मी… पत्रं वाचली."

"किती?"

"सगळी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागद फक्त परत माझ्याकडे सरकवला. "कित्येक जणींनी हे घरातसुद्धा सांगितलेलं नाही. मला लिहिलं होतं त्यांनी. दुकानाला नाही, तुम्हाला नाही."

"माझं चुकलं."

"मला सांगून काय उपयोग? पत्रं माझी थोडीच आहेत." आणि त्याने सुई उचलली.

घरी येऊन मी रडले, मग तोंड धुऊन कामाला बसले. निरोप यापुढे फक्त त्यालाच उघडता येतील, मलाही नाही, अशी सोय केली. माझ्याकडची प्रत पुसली. सगळे पासवर्ड बदलायचे कसे ते कागदावर लिहिलं, आणि खाली दुसऱ्या एका चांगल्या तंत्रज्ञाचा नंबर.

मग पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी एक पत्र लिहिलं. "मी या दुकानाचं तांत्रिक काम करते. मी तुमचं पत्र वाचलं. वाचायला नको होतं. चूक दुकानाची नाही, माझी आहे. रागवायचं असेल तर हा माझा फोन." खाली माझं पूर्ण नाव. हे बाहेर फुटलं तर बेकरीपासून किल्लीवाल्यापर्यंत कुणी मला दारात उभं करणार नाही, हे माहीत होतं. तरी त्याला पाठवलं आणि कळवलं, "सगळ्यांना पाठवा. पत्रं त्यांची आहेत."

त्याने पाठवलं. मला एका शब्दाने उत्तर नाही.

फोन यायला लागले. एक बाई दहा मिनिटं बोलल्या, मी दहा मिनिटं ऐकलं. त्यांचं सगळं खरं होतं. एका गृहस्थांनी नुसतं "शहाण्या आहात!" म्हणून ठेवून दिला. मग शिक्षिकेचा आला.

"राग आला होता मला," ती म्हणाली. "कालपर्यंत. तुम्ही माझं वाक्य पानावर घातलं होतंत म्हणे?"

"काढलं मी ते."

"परत घाला. माझ्यासारखीच कुणीतरी आत्ता घरात बसून तेच विचारत असेल. तिला वाटू दे की आणखी कुणीतरी विचारलं होतं. आणि ऐका, विग काल मिळाला. शाळा सोमवारी आहे." आणि फोन ठेवता ठेवता, "तो मुलगा काही बरा दिसत नाही हो. जेवतो की नाही?"

रविवारी सकाळी अकराला आमच्या दारावर टकटक झाली. आईने उघडलं आणि मला हाक न मारताच त्याला थेट माझ्या खोलीत आणून सोडलं. तो पहिल्यांदाच इथे येत होता. खिडकीतलं टेबल, वायरींचा गुंता, किल्लीवाल्याच्या दुकानाचा फोटो, अर्धी खाल्लेली बिस्किटं… सगळं एकेक करून बघत राहिला.

"तुम्ही इथे बसून वाचलीत?"

"हो."

"मी सगळ्यांना उत्तरं लिहितो," तो म्हणाला. "तुमच्या त्या पत्राला लिहायला बसलो. चार दिवस झाले. जमेना. म्हणून आलो." त्याने टेबलावरच्या वायरी जरा बाजूला सारल्या. "एक विचारू? माझी उत्तरं… एकदाच वाचलीत?"

"काही दोनदा."

"का?"

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं! "कारण… त्यातलं एकही मला लिहिलेलं नव्हतं, याचं वाईट वाटत होतं."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आई कान देऊन उभी असणार.

"लिहिलं असतं," तो हळूच म्हणाला. "पण तू कधी स्वतःबद्दल काही विचारलंच नाहीस. केस कसे ओवतात, भांग कसा पाडतात, एवढंच! मी रोज वाट बघायचो."

तू. त्याच्याही लक्षात आलं. कान लाल झाले, पण शब्द त्याने मागे घेतला नाही.

"राग गेला?" मी विचारलं.

"थोडा आहे. जाईल. तोवर… येत राहशील ना?"

"दुसऱ्या तंत्रज्ञाचा नंबर दिला होता मी."

"आत्याने फाडला."

जन्मभर प्रश्न विचारत आलेली मी, आणि आता नेमका एकही सुचेना. शेवटी सुचला तो असा, "जेवायला थांबशील?"

"थांबेन."

"मग आत्याला कळव. वाट बघतील त्या."

"नाही बघणार," तो म्हणाला. "मी निघालो तेव्हा तिने भात एकटीपुरताच टाकला होता."