चार जागा सोडून, प्रिंट

"तिसरा मजला," तो म्हणाला. "बाथरूममधला पाइप. थांबला का गळायचा?"

मी दारातच उभी राहिले. मी फक्त ‘नमस्कार, आज तुमचा पेपर मी वाचून दाखवणार आहे’ एवढंच म्हटलं होतं. खुर्चीत बसलेल्या या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, टेबलाला टेकवलेली पांढरी काठी. आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून ठेवलेलं हसू...

"तुम्ही—"

"पाणीपुरवठा, तक्रार विभाग. गेल्या आठवड्यात तुम्ही मला फोनवर विचारलंत, तुमच्या ऑफिसात माणसं बसतात की माठ?"

माझे कान तापले. "मी रागात होते."

"हो, पण वाक्यं अगदी शुद्ध होती. म्हणून आवाज लक्षात राहिला."

मी मान खाली घालून खुर्ची ओढली. त्याला ते दिसणार नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आमचं संगणक प्रशिक्षण केंद्र. नोकरी सांभाळून शिकणारे लोक इथे पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकायला येतात आणि दर महिन्याला नवशिक्यांची परीक्षा होते. पेपर मी काढते. चुकीच्या उत्तराला मार्क कापते, म्हणून मुलं मला ‘मायनस मॅडम’ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. उलट अभिमानच वाटतो. माझा पेपर घोकंपट्टीवर सुटत नाही.

पण त्या दिवशी त्या पेपरात एक भोक निघालं. प्रश्नातले सगळे प्रोग्रॅम मी चित्रं म्हणून टाकले होते. रंगीत, नेटके, देखणे. याने अभ्यास केला होता घरी, कॉम्प्युटरला पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचायला लावून. माझ्या चित्रांपाशी आलं की तो कॉम्प्युटर गप्प बसायचा. म्हणून एक वाचक नेमला होता, तो तापाने आजारी पडला आणि केंद्रप्रमुख सरांनी मला आत ढकललं. ‘फक्त वाचायचं. एक अक्षर जास्त नाही.’

खोली होती झेरॉक्स मशीनची. कोपऱ्यात पर्यवेक्षक बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. खिडकीबाहेर पावसाची बारीक रिपरिप.

"पहिला प्रश्न," मी वाचू लागले. "अवतरण चिन्हात तीन, गुणिले तीन. उत्तर काय येईल?"

"नऊ आलं असतं, पण अवतरणात घातल्यावर तीन हा आकडा राहत नाही, शब्द होतो. शब्द तीनदा म्हटला जाईल. तीन तीन तीन." तो थांबला. "हट्टी माणसासारखं."

"उत्तरं तेवढी सांगा."

"सांगितलं की. बाकीचं फुकट."

मी हसू गिळलं. पर्यवेक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

तो चांगला तयारी करून आला होता. मधेमधे अडखळायचा, बोटांनी टेबलावर काहीतरी मोजायचा, मग उत्तर द्यायचा आणि कीबोर्डवर स्वतःच टिपायचा. ही परीक्षा आणि पुढची एक पास झाला, तर त्याला ऑफिसातल्या नव्या विभागात जाता येणार होतं. हे त्याने नंतर सांगितलं. ‘तक्रारी ऐकत बसण्यापेक्षा त्या एकाच गल्लीतून का येतात ते शोधायचंय मला.’

मग तो प्रश्न आला.

"टोटल बरोबर शून्य," मी वाचलं. "फॉर एन इन एक, दोन, तीन, कोलन. टोटल बरोबर टोटल अधिक एन. प्रिंट टोटल. पडद्यावर काय छापलं जाईल?"

त्याने बोटांनी टेबलावर ओळी मोजल्या. मग म्हणाला, "शेवटची ओळ आत आहे की बाहेर?"

मी तोंड उघडलं आणि कोपऱ्यातून आवाज आला, "मॅडम, स्पष्टीकरण द्यायचं नाही. लिहिलंय तेवढंच वाचा."

"स्पष्टीकरण नकोय मला," तो शांतपणे म्हणाला. "ओळ आत सरकवलेली असेल तर ती प्रत्येक फेरीला चालेल. मग एक, तीन, सहा छापलं जाईल. बाहेर असेल तर सगळ्या फेऱ्या संपल्यावर एकदाच, नुसतं सहा. बाहेर हॉलमध्ये बसलेल्यांना ते दिसतंय."

"मग हा प्रश्न सोडा. मी शेरा लिहिते, तुम्हाला सवलत मिळेल," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा बदलला. हसू गेलं, हनुवटी वर आली. "सवलत नको. प्रश्न पूर्ण द्या."

मी उठले. केंद्रप्रमुख सरांना बोलावून आणलं. सर नियमांचे पक्के. पण पेपर माझा होता, आणि तो अर्धाच त्याच्यापर्यंत पोचत होता.

"सर, मराठीत आपण समासाची जागा सोडतो ती दिसायला बरी म्हणून," मी म्हणाले. "पायथनमध्ये सोडलेली जागा हा मजकूर आहे. ती वाचली नाही तर मी प्रश्नातला एक शब्द खाल्ला असं होतं. आणि शब्द खाऊन वाचायचं असेल तर माझा पेपर मी वाचणार नाही."

सरांनी प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "वाचा जागा," ते एवढंच म्हणाले आणि गेले.

मी पुन्हा बसले. "चार जागा सोडून, टोटल बरोबर टोटल अधिक एन. चार जागा सोडून... प्रिंट टोटल."

"एक, तीन, सहा," तो म्हणाला. आणि मग, फार हळू, "आभार."

त्यानंतर एकच प्रश्न उरला होता. सगळ्यात सोपा. रेंजमध्ये पाच दिलेत, तर शेवटी कोणता आकडा छापला जाईल?

"पाच," तो म्हणाला.

रेंजची मोजणी शून्यापासून सुरू होते आणि चारवर थांबते. वर्गात मी हे घसा बसेपर्यंत सांगते. मी काही बोलले नाही. पापणीसुद्धा हलवली नाही. तो क्षणभर थांबला, मान किंचित तिरकी केली... आणि पाचच टिपलं.

पास झाला. फार वरचा नंबर नाही, पण चांगला पास झाला. जिन्यापाशी मी त्याला गाठलं.

"रेंजचा चुकला तुमचा."

"माहीत होतं."

"माहीत होतं? कधीपासून?"

"तुम्ही श्वास रोखलात तेव्हापासून." तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "बाकी सगळ्या उत्तरांना तुमचा श्वास नीट चालू होता. तिथेच अडकला. मग आठवलं, चारवर थांबतं ते."

"मग बदललं का नाही?"

"तुमच्या श्वासावर मार्क मिळवायचे नव्हते. माझ्या डोक्यावर मिळतील तेवढे पुरे."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. इतका गर्विष्ठ माणूस मी पाहिला नव्हता. आणि इतका आवडलाही नव्हता कोणी... पण हे तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

"माझा सगळा प्रश्नसंच बदलायचाय," मी म्हणाले. "चित्रं काढून टाकायची, तुमच्या कॉम्प्युटरला वाचता येईल असं करायचं. मला तपासणारं कोणीतरी हवंय. पुढचे काही महिने, संध्याकाळी."

"म्हणजे परीक्षेची परीक्षा घ्यायची? मायनस मार्किंगसकट?"

"तुम्हाला कोणी सांगितलं ते नाव?"

"हॉलमधल्या सगळ्यांनी. कुजबुजत बोलतात बिचारे, त्यांना वाटतं ऐकू जात नाही."

तो येऊ लागला. ऑफिस सुटलं की यायचा, दारात छत्री झटकायचा, काठीची घडी घालायचा आणि म्हणायचा, "आणा, कुठला गुन्हेगार आहे आज?" मी प्रश्न लावायची. त्याचा कॉम्प्युटर ते इतक्या भरभर वाचायचा की मला पहिल्यांदा नुसती टकटक ऐकू आली. हळूहळू मीही डोळे मिटून ऐकायला लागले. एकदा असेच डोळे मिटलेले असताना मी म्हणाले, "तिसऱ्या ओळीत जागा तीनच आहेत. एक कमी पडलीय."

"वा," तो म्हणाला. "आता तुम्ही नवशिक्या राहिला नाहीत."

मला घरी यायला रोज उशीर का होतो ते आईला कळेना. "एवढं काय तपासता दोघं मिळून?" तिने विचारलं.

"प्रश्न."

"आणि उत्तरं?" आई भाजी चिरताना मान वर न करता म्हणाली. मी आतल्या खोलीत पळाले.

त्याची ताई कधीकधी त्याला न्यायला यायची. बँकेत होती, कडक बोलायची. मला आधी ती नखशिखांत न्याहाळायची. मग एके दिवशी तिने माझ्यासाठीही कॉफी आणली, आणि मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

नवा प्रश्नसंच तयार झाला, त्या दिवशी सरांनी सगळ्या शिक्षकांना जमवलं. तोही होता. सर कौतुक करायला लागले की थांबत नाहीत. म्हणाले, "आपल्या मॅडमचं मन किती मोठं बघा. यांच्यासारख्यांसाठी स्वतःचा वेळ दिला. नाहीतर कोण करतं हल्ली एवढं?"

टाळ्या वाजल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. तो काठी उघडत होता.

"सर, एक मिनिट," मी म्हणाले, पण टाळ्यांत ते विरलं. आणि टाळ्या थांबेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. फोन केला तर ‘कामात आहे’ असं गुळगुळीत उत्तर, तक्रार विभागाच्या आवाजात. मला आधी वाईट वाटलं, मग संताप आला. मी काय दया करत होते? मी तर संध्याकाळ कधी होते याची वाट बघत होते.

सरांकडे गेले आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रश्नसंचावर माझ्या शेजारी त्याचं नाव लागेल, कारण अर्ध्या चुका त्याने काढल्यात. दोन, पुढच्या परीक्षेचा पेपर मी काढणार नाही, दुसऱ्या शिक्षकाला द्या. सरांनी कारण विचारलं. "त्या परीक्षेला बसणाऱ्या एका माणसाबद्दल मी निष्पक्ष राहिलेली नाही," मी म्हणाले. सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग कान खाजवत म्हणाले, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो वाटतं."

जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी उभी राहिले. तो बाहेर आला. मी तरातरा पुढे गेले, तो चार पावलांवरच थांबला.

"तुम्ही आलात," तो म्हणाला. "आणि रागात आहात. पावलं आपटताय."

"आहेच. न सांगता निघून जायचं ही कुठली रीत?"

"तुमच्या मोठ्या मनात मला जागा नकोय." आवाज शांत होता, पण काठीवरची मूठ घट्ट. "तिथे सगळी गरीब बिचारी माणसं राहत असतील."

"कोणाचं मोठं मन? सरांना काय कळतंय?" माझा आवाज चढला, फाटकावरचा रखवालदार बघायला लागला, मला पर्वा नव्हती. "माझं मन एवढंसं आहे. मी कंजूस बाई आहे, अर्धा मार्कसुद्धा सोडत नाही. त्या एवढ्याशा मनात एकच माणूस मावतो, आणि तो इथे तोंड फिरवून उभा आहे."

वाऱ्याने झाडावरचं पाणी आमच्यावर शिंपडलं. त्याने हळूच चेहरा माझ्याकडे वळवला.

"परत म्हणा."

"एकदा विचारलेला प्रश्न मी परत वाचत नाही."

तो हसला... कितीतरी दिवसांनी. मग गंभीर झाला. "उत्तर परीक्षेनंतर देईन. आत्ता दिलं तर लोक म्हणतील, पेपर काढणारीला पटवून पास झाला."

"पेपर मी काढत नाहीये. सरांना सांगून आलेय."

"तरीही," तो म्हणाला. "तुम्ही तुमची बाजू स्वच्छ केलीत. मलाही करू द्या."

असा माणूस. मी पाय आपटत परत आले आणि वाटभर हसत होते.

परीक्षेच्या दिवशी तो हॉलमध्ये बसला, सगळ्यांच्या मध्ये. झेरॉक्सची खोली नाही, वाचक नाही. कानात इअरफोन, बोटं कीबोर्डवर. दुसऱ्या शिक्षकाने काढलेले, त्याने आधी कधी न ऐकलेले प्रश्न त्याच्या कानात सुरळीत वाजत होते, जागांसकट. मी आणि ताई बाहेर बाकावर. ताई पर्सची चेन उघडत होती, लावत होती. "लहानपणी सायकल शिकताना असाच मला बाहेर उभं करायचा," ती म्हणाली. "पडला तरी धावत यायचं नाही अशी शपथ घालून." मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही.

दार उघडलं. माणसं बाहेर पडू लागली, कोणी खुशीत, कोणी चेहरा पाडून. तो शेवटी आला. पडद्यावर निकाल लागलीच लागतो, त्यामुळे आत काय झालं ते त्याला माहीत होतं. चेहऱ्यावर मात्र काही दिसू देईना.

"काय रे?" ताई बाकावरून उठली.

"झालो पास, ताई. चांगला झालो." ताईने त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि डोळे पुसले. तो म्हणाला, "तू खाली हो ना पुढे. मी आलोच."

ताईने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता जिना उतरली.

आम्ही दोघंच उरलो. मधून मुलं जात होती, ‘मॅडम, येतो’ म्हणत होती. मी कोणालाच उत्तर देत नव्हते.

"यातला एकही मार्क तुमचा नाही," तो म्हणाला.

"एकही नाही."

"रेंजचा प्रश्न होता. चार लिहिलं."

"शाब्बास."

"आता तुम्ही माझ्या मॅडम नाही, परीक्षक नाही, वाचकही नाही."

"नाही."

"मग हे अहो-जाहो कशाला..." तो अडखळला. माणसांच्या शिव्या दिवसभर शांतपणे ऐकणारा हा माणूस, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तू..." तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

बाकीचं वाक्य त्याने नंतर खूपदा, खूप प्रकारे पूर्ण केलं. माझ्या घरी, आईसमोरसुद्धा. पण त्या दिवशी मला एवढा एकच शब्द पुरला. कोणी मला इतक्या अभिमानाने ‘तू’ म्हटलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, त्याने हात पुढे केला, आणि सगळ्या मुलांच्या देखत आम्ही जिना उतरलो.