मापाचं पाणी

डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं, "सहा तासांत बाळाला शू झाली नाही, तर वाट बघत बसू नका. सरळ घेऊन या." तिने लगेच कागदावर वेळ टिपून ठेवली. वेळा टिपण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकी आई म्हणून आपल्याला नेमकं काय जमतं, हे तिला दहा महिन्यांत उमगलेलं नव्हतं.

उलट्या-जुलाब सकाळपासूनचे. शू होऊन पाच तास उलटलेले. नवरा कामासाठी परगावी, आणि ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, दोन तास तरी लागतील. दारात उरली होती सासऱ्यांची जुनी मोटार. वयाने सुनेच्या दुप्पट आणि रेडिएटर गळका. सासरे हिंडतेफिरते होते तोवर रोज सकाळी तिच्यात स्वतः पाणी भरायचे. "आधी हिचा घसा ओला, मग माझा चहा," म्हणायचे. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते.

मागच्या गल्लीतले मिस्त्रीकाका सासऱ्यांचे जुने दोस्त. हाक मारताच पान्हे घेऊन आले.

"अर्ध्या तासाचं काम, सूनबाई. गाडी मीच चालवतो, तू बाळाला घेऊन मागे बस. एखादं मोठं भांडं दे पाण्याचं."

मोठं भांडं म्हणजे घरात बाळाचा अंघोळीचा टबच होता.

काकांनी रेडिएटर उतरवला. एका तोंडात बोळा कोंबला, दुसऱ्याला नळी लावली, आणि तो टबात बुडवला. नळीतून फुंकायचं, जिथून बुडबुडे येतील तिथे भोक. खालच्या कडेने बुडबुडे आले. तीन. थांबले. मग पुन्हा तीन.

"काका, हळू फुंका ना. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागलाय..."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. नळी त्यांच्या हातात होती. तोंडात नव्हती.

"जुना माल आहे," ते म्हणाले. "हवा अडकते आत." पण रेडिएटर त्यांनी घाईघाईने बाहेर ओढला.

भोक झाळून झालं, रेडिएटर जागेवर बसला. काकांनी बादली ओतली. घट... घट... घट... कोरड्या घशातून पाणी उतरावं तसा आवाज. काठोकाठ भरलं, ते झाकण घ्यायला वळले, आणि पाणी खाली गेलं. दुसरी बादली. तिसरी. गाडीखालची फरशी ठणठणीत कोरडी.

"एक बादली म्हणजे डोक्यावरून पाणी हिला," काका पुटपुटले. "मग हे जातंय कुठे?"

तेवढ्यात थंडगार इंजिनाच्या बाजूने आवाज आला. टक. टक. टक.

ती जागच्या जागी थिजली.

सासऱ्यांच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी दिवसभरात मोजून, औषधाच्या झाकणाने, आणि ते मोजायचं काम तिच्याकडे. शेवटी शेवटी त्यांना बोलवत नसे. तहान लागली की बोटाच्या पेराने पलंगाच्या कठड्यावर तीनदा वाजवायचे. त्या दुपारी साडेचारला वाजवलं. "सहा वाजता, बाबा," म्हणत तिने त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, मान हलवली. साडेपाचला गेले. किती शिस्तीने केलंस गं, असंच सगळे म्हणाले होते.

तिने काकांच्या हातून बादली घेतली.

"प्या, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "हवं तेवढं प्या... फक्त याला पोचवा."

या वेळी पाणी काठाशी थांबलं. काकांनी झाकण आवळलं.

वाटेत थेंबभरही गळलं नाही. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं, बाळाच्या गालांवर रंग आला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिची पाठ खुर्चीला टेकली.

"तोंडाने मात्र पाण्याचा थेंबही नको हं," नर्स म्हणाली. "पोटाला आराम हवा."

"किती वेळ?"

नर्सने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेचार होतायत. सहा वाजता द्या." आणि तसं तिने पाळण्याशी टांगलेल्या कागदावर लिहिलंही.

ती डोळे मिटून बसली. किती वेळ, कुणास ठाऊक. उघडले तेव्हा बाळ जागं होतं. रडत नव्हतं. तिच्याकडेच बघत होतं, शांत, जरा थकलेलं. चिमुकली मूठ कठड्याशी आली. तिच्यातलं एकच बोट वाकलं.

टक. टक. टक.

तिने पाण्याची बाटली उचलली. कागदाकडे पाहिलं. बाळाने मान हलवली.

घड्याळात पाच वीस झाले होते.