सोबतपत्रिका

२०७१ साली सांगलीच्या दवाखान्यांत ‘तुम्हाला काय होतंय?’ असं कुणी विचारत नसे. ‘सोबत कोण कोण आहे?’ असं विचारत. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा आजार सहसा एकटा येत नाही, हे तोवर शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. पूर्वी डॉक्टर प्रत्येक आजाराला वेगळी गोळी देत आणि माणसं सकाळी ओंजळभर गोळ्या गिळून कामाला लागत. पुढे कोट्यवधी लोकांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसलं की हे आजार वाटेल तसे गोळा होत नाहीत, त्यांच्या ठरलेल्या टोळ्या असतात. आपल्या अंगात कुठली टोळी आहे आणि तिला पुढे कोण येऊन मिळणार, हे सांगणारा तक्ता म्हणजे सोबतपत्रिका.

सानिका गुरव यांच्या पत्रिकेत तीन नावं होती. एकोणिसाव्या वर्षी सोरायसिस, चौतिसाव्या वर्षी सांध्यांची सूज, पंचेचाळिसाव्या वर्षी मधुमेह. आता त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी अख्खा तासगाव तालुका पायांखाली घातला, तो भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांच्या सदऱ्यात. हातावरचे लाल चट्टे आणि झडणारे पांढरे पापुद्रे पाहून लोक मोजणीच्या कागदावर सही करायला स्वतःचं पेन काढत. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे सांगायचंही त्यांनी पुढे सोडून दिलं.

त्या वर्षी टोळीच्या म्होरक्यालाच उपटणारा उपचार आला. त्याला ‘मूळछेद’ म्हणत. म्होरक्या गेला की बाकीचे आपोआप पांगतात. सानिकाताईंना तारीखही मिळाली. त्यांनी दोन बिनबाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि मुलीला, ओवीला, मुद्दाम दाखवली.

तारखेच्या आठ दिवस आधी डॉक्टर यास्मिन तांबोळींनी त्यांना बोलावून घेतलं. टोळ्यांचा अभ्यास करण्यात या बाईंची वीस वर्षं गेली होती. त्यांनी ताईंच्या भावाबद्दल विचारलं. प्रसन्नला बावन्नाव्या वर्षी विसर पडू लागला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याला घास कसा गिळायचा तेही आठवत नव्हतं. आईचंही तसंच झालं होतं. दोघांच्या रक्तात एक घराणी दोष होता. तो ताईंच्याही रक्तात होता.

“मग मी कशी सुटले?” ताईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी भावाच्या दहाव्याला स्वतःला विचारला होता.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. शरीरात पहारेकरी पेशी असतात. ताईंच्या पहारेकऱ्यांचा स्वभाव फार तापट होता. चोर नसला तरी ते घरच्याच माणसांना बडवत, कधी कातडीला, कधी सांध्यांना, शेवटी साखर सांभाळणाऱ्या ग्रंथीला. पण ज्या गाळामुळे प्रसन्नचा मेंदू बुजत गेला, तो गाळ हेच पहारेकरी रोजच्या रोज उपसून टाकत होते, आणि मूळछेदाने उपटायचे ते हेच. असा घराणी दोष असलेले सहा हजार लोक नोंदींत सापडले. त्यांतल्या ज्यांच्या अंगात ही तिघांची टोळी होती, त्यांच्यापैकी एकालाही विस्मृती झाली नव्हती.

“म्हणजे ज्यानं माझी कातडी खाल्ली, त्यानंच मला राखलं.”

“राखायचं म्हणून राखलं असं नाही, सानिकाताई. आजाराला हेतू नसतो. पण झालं तसंच.”

ताईंनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि त्या चट्ट्यांवरून हात फिरवला. बेचाळीस वर्षं त्यांनी तिथे फक्त मलम लावायला हात नेला होता. पाठ असलेले सगळे गट क्रमांक, ओवीचं पहिलं बोलणं, गेलेल्या नवऱ्याचा आवाज, हे सगळं त्यांना अजून आठवत होतं, आणि ते कुणामुळे हे आज कळलं होतं. त्यांना भरून आलं. मूळछेद रद्द करा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. ओवीची तपासणी झाली होती. घराणी दोष तिच्यात उतरला होता आणि तिची सोबतपत्रिका कोरी होती. एकोणतीस वर्षांची, ठणठणीत मुलगी. राखायला कुणीच नाही. विस्मृतीवर औषध अजून नव्हतं. उपाय एकच होता. आईच्या पहारेकरी पेशी मुलीच्या अंगात रुजवायच्या, म्हणजे आजाराचंच कलम करायचं. डॉक्टर त्याला ‘रोगकलम’ म्हणत. तोवर तेवीस जणांवर ते झालं होतं.

नुसता सोरायसिस देता येणार नाही का, असं ताईंनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. तसा प्रयत्न करून पाहिला होता. एकाला आत घेतलं की काही वर्षांत बाकीचे दोघे येतातच. टोळी अख्खीच घ्यावी लागते.

घरी जाताना ताईंना काही सुधरेना. स्वतःसाठी आभार मानणं सोपं होतं. ओवी विश्रामबागच्या तलावावर पोहणं शिकवत असे. तिची कातडी, तिचे सांधे यांवरच तिचं पोट होतं. बघायला आलेली माणसं चहा न घेता उठून गेल्याचे तीन प्रसंग ताईंच्या वाट्याला आले होते. तेच आता आपल्या हातांनी लेकीला कसं द्यायचं?

त्यांनी चार दिवस काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सगळं सांगितलं आणि वर म्हणाल्या, की तू नको म्हणालीस तर मला बरंच वाटेल.

ओवी ऐकून घेऊन म्हणाली, “शेवटचं वर्षभर मामाला मी भरवत होते, आई. तो मला दर घासाला नाव विचारायचा. मला चट्टे चालतील.”

कलम झालं. साडेतीन महिन्यांनी ओवीच्या उजव्या कोपरावर रुपयाएवढा लाल डाग उमटला. तो ताईंनाच आधी दिसला आणि त्या मलम आणायला उठल्या. ओवीने मात्र आरशात वळून वळून पाहिलं, मग खाली वाकून आईच्या पाया पडली. “दिलंस त्याबद्दल,” एवढंच म्हणाली. तलावावरच्या चार पालकांनी मुलं काढून घेतली. उरलेल्यांना ओवीने खरं काय ते सांगितलं आणि तिथून गोष्ट गावभर झाली.

तेव्हापासून ताईंकडे माणसं येऊ लागली. त्यांच्या घराण्यांत तोच दोष होता, आणि पेशी जुळल्या तर रक्ताचं नातं लागत नव्हतं. ताईंनी अकरा जणांना पेशी दिल्या. लोक त्यांचे हात हातात घेत, डोळ्यांना लावत. कोऱ्या पत्रिकेच्या मुलीला, राखणारं कुणी नाही म्हणून, स्थळांकडून नकार आल्याच्याही बातम्या त्यांच्या कानांवर आल्या, पण आपल्याला काय करता येणार, असं म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

एका रविवारी सकाळी मिरजेहून कौस्तुभ आणि रिद्धी हे जोडपं आलं. बरोबर आठ महिन्यांची मुलगी होती. तपासणीत दोष निघाला होता. रिद्धीने बाळाला ताईंच्या मांडीवर ठेवलं, खणानारळाने त्यांची ओटी भरली आणि डोळे पुसत म्हणाली, की तुमचे उपकार आम्ही जन्मात विसरणार नाही.

मुलीचं कलम कितव्या वर्षी करणार, असं ताईंनी विचारलं.

“पुढच्या महिन्यात,” कौस्तुभ म्हणाला. “लहानपणी रुजलं की पक्कं रुजतं म्हणे. आणि ते सगळं अंगावर आलं, तरी हिला वेगळं असं काही वाटणार नाही. पूर्वीचं आठवायला पाहिजे ना.”

दोघंही मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होते. ताईंनी होकार दिला. नाही म्हणायला कारण सापडेना. बाळाने त्यांचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. ओवीला त्यांनी निदान विचारलं तरी होतं.