मयताच्या अंगावरची डांगरी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल हसावं. पण भैयाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. आयुष्यात एकदाच बोलला, आणि त्याचीच ही गोष्ट.

साल १९५७, डिसेंबर महिना. गिरडच्या वाटेवर कापसाचं एक जिन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. भैयाजी तिथे इंजिन चालवायचा.

त्या हंगामात चार डांगऱ्या आल्या. जाड निळ्या कापडाच्या, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसलग. यंत्रांना तेल घालणाऱ्यांसाठी होत्या. पण फोरमन प्रभाकरराव भारी नखरेल. चारही त्यानं स्वतःकडेच ठेवल्या आणि एक घालून भर बाजारात मिरवू लागला. लोक वळून बघायचे, की याला मूठभर मांस चढायचं.

तेलवाला नत्थू मात्र धोतरातच.

"साहेब, एक मले द्या नं. शाफ्टापाशी धोतर उडून राह्यलं."

"खोचून घे. आणि इंजिन थांबवायचं नाही."

दोनच दिवसांनी नत्थूच्या धोतराचा सोगा फिरत्या शाफ्टात गेला. भैयाजीनं इंजिन बंद केलं तोवर सगळं संपलं होतं.

पोलीस यायला वेळ होता. प्रभाकररावानं आपल्या अंगातली डांगरी काढून भैयाजीपुढे टाकली.

"त्याला घाल. विचारलं तर सांगायचं, डांगरी दिली होती, यानंच हलगर्जीपणा केला."

भैयाजीच्या घरी खाणारी सहा तोंडं. त्यानं मुकाट्यानं घातली. विचारलं तेव्हा तसंच सांगितलं.

नत्थूची बायको धुरपता दारात उभी राहून म्हणत होती, "माह्या मानसाच्या अंगावर धोतर होतं." तिचं कोण ऐकतो! चूक नत्थूचीच ठरली.

याच्यापुढे प्रभाकररावानं जे केलं ते ऐका. मयताच्या अंगावर चढलेलं कापड मयताबरोबर जातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. यानं ती डांगरी उतरवून घेतली. धुतली. आणि पंधरा दिवसांनी तीच घालून कामावर आला.

दुपारची सुट्टी होती. इंजिन बंद. भैयाजी बाहेर भाकर खात बसला होता.

फट्...

फट्...

इंजिनाचा पट्टा शाफ्ट फिरवताना असाच वाजतो.

पण पट्टा तर शिवायला काढलेला... भैयाजीच्या शेजारीच पडला होता.

घास तसाच ठेवून तो आत गेला.

शाफ्ट फिरत होता. सावकाश.

प्रभाकरराव त्यापासून चार हात अंतरावर उभा राहून बटनं ओढत होता. घामानं निथळत होता.

"भैयाजी, काढ ही. आवळतेय... निघत नाही."

भैयाजीनं बटनाला हात घातला. कापड बर्फासारखं थंड लागलं.

वारा नव्हता. तरी डांगरीचा एक पाय हळूच उचलला गेला... आणि शाफ्टाकडे ताणला गेला.

प्रभाकरराव आडवा पडला. भैयाजीनं त्याचे दोन्ही हात धरले, जीव खाऊन ओढलं. पलीकडूनही कोणीतरी ओढत होतं. घाई नसल्यासारखं.

मग कानाशी आवाज आला. ओळखीचा.

"सोड, भैयाजी. आज तुही पाळी नाई."

भैयाजीनं हात सोडले.

माणसं धावत आली तेव्हा प्रभाकरराव संपला होता, शाफ्ट थांबलेला होता. इंजिन गार होतं. मग शाफ्ट फिरवला कोणी, याचा जबाब आजवर कोणी दिलेला नाही.

दुसऱ्याच दिवशी भैयाजी वर्ध्याला पोलिसांकडे गेला आणि खरं ते सांगून आला. नत्थूवरचा ठपका पुसला गेला. भैयाजीची नोकरी गेली. तसाच तो धुरपताबाईच्या दारी गेला आणि हात जोडून उभा राहिला.

ती म्हणाली,

"मी माफ केलं, भाऊ. पण मेला थो. त्याले विचारून पाहा."

त्यानं विचारलं की नाही, हे भैयाजीनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.